आजी-आजोबा पडू नयेत म्हणून: नेरूळच्या विरंगुळा केंद्रातल्या कामाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

एप्रिलच्या शेवटी आई (माझ्या सासूबाई, वय ७६) बाथरूममध्ये पडल्या. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्यानिमित्ताने आमच्या सेक्टरच्या विरंगुळा केंद्रात विषय निघाला आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या सेक्रेटरी काकांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "तू हिशेब चोख ठेवतेस, हे पण तूच बघ." मी तुर्भ्याला एमआयडीसीत अकाउंट्स बघते, डॉक्टर-बिक्टर काही नाही, पण हातात २५,००० रुपये आणि एक वही आली. तुम्हाला तुमच्या संघात असलं काही करायचं असेल तर आमच्या चुका तरी करू नका म्हणून इथे टाकतेय.

पहिली चूक झालीसुद्धा. मेमध्ये मी 'तोल सांभाळा' नावाचं व्याख्यान ठेवलं. हॉल भरला, शाल-श्रीफळ, बटाटेवडे, चहा, फ्लेक्स धरून ४,२०० रुपये गेले. पंधरा दिवसांनी सहज आठ घरी विचारलं की बाथरूममध्ये, पायपुसण्यात, चपलेत काही बदललं का, तर एकाही घरी काही नाही. वडे चांगले होते म्हणाले.

९ जून, रविवार

आज शांतपणे वाचायला बसले. ठरवलं की फॉरवर्ड आलेलं काही वाचायचं नाही, ज्यात लोकांचे दोन गट करून, एकाला उपाय देऊन, एकाला न देऊन पडणं मोजलंय तेवढंच बघायचं. कॉक्रेन नावाची संस्था असे सगळे ट्रायल एकत्र करून एकच निष्कर्ष काढते, आणि सोप्या भाषेतला सारांश फुकट वाचता येतो. २०१९ चा त्यांचा आढावा नेमका यावरच आहे, घरी राहणारे ज्येष्ठ आणि व्यायाम, १०८ ट्रायल, २३ हजारांवर माणसं, २५ देश. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं, आणि त्यातही तोलाचे व्यायाम आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम (उठणं, बसणं, वळणं, पायरी चढणं) यांचा पुरावा पक्का. आणखी एक गोष्ट, तोलाला खरंच आव्हान देणारा व्यायाम आठवड्याला तीन तासांच्या वर झाला तर फायदा जास्त दिसतो.

तीन तास! मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. आमच्या डोक्यात "रविवारी अर्धा तास" होता.

तयार कार्यक्रम म्हणून न्यूझीलंडचा ओटागो घ्यायचं ठरतंय. पायाला वजन बांधून ताकदीचे व्यायाम, मग तोलाचे, वर थोडं चालणं. त्यांच्या चार ट्रायलमध्ये मिळून १,०१६ लोक होते, वय ६५ ते ९७, आणि पडणं ३५ टक्क्यांनी कमी झालं होतं. ९७ वर्षांचं माणूस करू शकतं तर आमच्या ७२ च्या काकांना गुडघ्याचं कारण सांगता येणार नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. (येतं. सांगतात.)

१५ जून, शनिवार

संघाच्या मीटिंगमध्ये एक ऑफर आली. एका कंपनीचा माणूस म्हणाला, शिबिर लावतो, सगळ्यांना व्हिटॅमिन डी फुकट, हाडं मजबूत, पडणं बंद. सगळे खूश, खर्च शून्य ना.

मी घरून प्रिंट काढून नेली होती. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायकांवर ट्रायल झाला होता, २०१० साली छापून आला. निम्म्यांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा व्हिटॅमिन डीचा एकच मोठा डोस दिला. त्या बायका कमी पडायच्या सोडून १५ टक्के जास्त पडल्या, हाड मोडायचं प्रमाण २६ टक्के जास्त. हे वाचून दाखवल्यावर दोन मिनिटं कुणी बोललं नाही, मग खजिनदार काका म्हणाले, "म्हणजे फुकटचं पण तपासून घ्यायचं." शिबिर रद्द. पण मीच लगेच सांगितलं की डॉक्टरांनी तपासणी करून ज्यांना साशे लिहून दिलेत त्यांनी ते बंद करायचे नाहीत, ते वेगळं. तरी एका आजींनी घरी जाऊन बंद केलेच, नातवाकडून कळलं, परत जाऊन समजावावं लागलं. असलं सांगताना "काय करू नका" आणि "काय चालू ठेवा" ही दोन्ही वाक्यं एकाच दमात सांगा, नाहीतर लोक पहिलंच घेऊन जातात.

२२ जून, शनिवार

आज मोजणी. पूर्ण वाया.

टेस्ट अगदी साधी आहे. सतरा इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची, दोन्ही हात छातीवर दुमडायचे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) वयाप्रमाणे आकडे दिलेत, ७० ते ७४ च्या बाईला १० पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी आले तर पडायचा धोका जास्त धरायचा. केंद्रात मात्र हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. लोक नकळत हात टेकून उठत होते आणि मी पण "छान, चौदा!" म्हणत लिहीत होते. वर त्या खुर्च्या मधे दबतात, वजनदार माणूस दोन इंच खाली जातो. त्यात एक खुर्ची लादीवरून मागे सरकली आणि रेल्वेतून रिटायर झालेले काका धपकन खाली बसता बसता राहिले, फिजिओथेरपिस्ट मुलीने पकडलं म्हणून. पडू नये म्हणून चाललेल्या कामात पहिला माणूस मीच पाडत होते.

२४ जणांचे आकडे फाडून टाकले. अडीच तास गेले.

२९ जून, शनिवार

शेजारच्या अभ्यासिकेतून दहा लाकडी खुर्च्या उसन्या आणल्या, पाठ भिंतीला टेकवून लावल्या. आज नीट झालं. २४ पैकी १५ जण वयाच्या आकड्याच्या खाली. आई ६. प्लास्टर नुकतंच निघालंय पण हात वापरायचाच नाही त्यामुळे कारण सांगायला जागा नव्हती, त्या स्वतःच म्हणाल्या, "सहाच? मला वाटलं मी बरी आहे."

आजची खरी शिकवण वेगळीच. हॉलमध्ये मी विचारलं, वर्षभरात कोण कोण पडलं? तीन हात. मग टेस्टच्या वेळी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, "तोल जाऊन खाली बसलात, घसरलात, पलंगावरून उतरताना जमिनीवर आलात, असं काही?" अकरा जण! पडणं म्हणजे यांच्या लेखी हाड मोडणं किंवा हॉस्पिटल. बाकीचं "जरा घसरले गं". रिसर्चमधली व्याख्या सरळ आहे, नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर आलात की ते पडणं, लागलं का नाही हा प्रश्नच नाही. आणि लपवायचं कारण पण एका काकूंनी हळूच सांगितलं: सुनेला कळलं तर एकटीने देवळात जायचं बंद होईल.

८ जुलै, सोमवार

पहिला वर्ग आज ठेवला होता. रात्रभर जो पाऊस पडला त्यात लोकलच बंद, केंद्राच्या दारात घोटाभर पाणी. फिजिओ मुलगी येऊ शकली नाही. तरी दोन आजोबा छत्री घेऊन हजर, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

२१ जुलै, रविवार

वर्ग सुरू होऊन दोन आठवडे होत आले, सोमवार-गुरुवार सकाळी सात ते आठ, बाकी घरी अर्धा-अर्धा तास तीन दिवस, म्हणजे कागदावर साडेतीन तास. फिजिओ एका फेरीचे ६०० घेते, आठवड्यातून एकदा येते, दुसरा वर्ग मी आणि एक रिटायर्ड पीटी शिक्षिका घेतो.

पायाला बांधायची वजनं दुकानात महाग, म्हणून जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवून घेतल्या, अर्धा किलोच्या. पहिल्या खेपेला आत मूग भरले, कारण वाळू कुठून आणायची. पावसाळा तो, दहाव्या दिवशी मुगाला भुंगे लागले आणि एका काकूंच्या घोट्याला बांधलेल्या पिशवीतून ते बाहेर चालत आले, वर्ग पाच मिनिटं नुसता हसण्यात गेला. आता बांधकामाच्या साइटवरून आणलेली वाळू, धुऊन, वाळवून, आत प्लास्टिकची पिशवी, वर दुहेरी शिवण. कापड, शिलाई, वाया गेलेले मूग सगळं धरून १,२०० रुपये.

सगळ्यात मोठा वाद 'आम्ही चालतो ना' हा. आमच्याकडे ज्वेल्स ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर रोज पहाटे चार-चार फेऱ्या मारणारी मंडळी आहेत, त्यांना वर्ग म्हणजे अपमान वाटतो. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असा पक्का पुरावा नाही, आणि ज्यांचा तोल आधीच कच्चा त्यांनी भरभर चालणं उलट जोखमीचं. हे बोलून कुणाला पटलं नाही. मग मी म्हटलं, एक पाऊल दुसऱ्याच्या बरोब्बर पुढे, टाचेला अंगठा चिकटवून, १० सेकंद उभं राहा. रोज पाच किलोमीटर चालणारे काका चौथ्या सेकंदाला डगमगले. गुरुवारी सात वाजता सगळ्यात आधी तेच आले.

४ ऑगस्ट, रविवार

पडण्याची नोंद कशी ठेवायची यावर जुलैभर डोकं लावलं. महिनाअखेरीला विचारलं तर कुणाला आठवत नाही, रोजच्या रोज लिहायला हवं. छापील तक्ते वाटले (झेरॉक्स ६४० रुपये), त्यावर कुणी भाजी निवडली. मग आईंनीच सुचवलं की आमच्या भिंतीवर कालनिर्णय आहेच, त्यात मी रोज दुधाचा हिशेब लिहिते, तिथेच लिहीन. ठरलं. पडलात की त्या तारखेला 'प' लिहायचा.

पहिल्या महिन्याची कॅलेंडरं बघायला घरोघरी गेले. आईंच्या चौकोनात 'दू १॥', गॅसचा नंबर लावला, पंचमी, आणि कोपऱ्यात काहीच नाही. छान. चार नंबर बिल्डिंगच्या आजोबांकडे गेले तर एका महिन्यात सात 'प'. माझ्या पोटात गोळा. काका, सात वेळा? ते शांतपणे म्हणाले, "पेपर. पेपर आला नाही त्याचा प. महिन्याच्या बिलातून कापतो मी."

आता लाल पेनाने फुली.

१७ ऑगस्ट, शनिवार

घरातले बदल. यात पैसा सगळ्यात जास्त उडाला म्हणून सविस्तर लिहिते.

जूनमध्येच उत्साहात सहा सक्शनचे हँडल ऑनलाइन मागवले होते, ४५० ला एक, ड्रिल नको, चिकटवा आणि वापरा. आमच्या बाथरूममध्ये लावलं. तिसऱ्या दिवशी आईंनी धरलं आणि ते टाइलवरून सुटून हातात आलं, मी मागे उभी होते म्हणून निभावलं. जुन्या टाइलला बारीक तडे असतात, साबणाचं पाणी असतं, हवा शिरते. पाचही घरांतून काढून आणले. २,७०० रुपये पाण्यात.

मग स्टीलचे स्क्रूचे बार, ६८० ला एक, बसवायचे २५०. सुरुवात एक नंबर बिल्डिंगपासून क्रमाने केली, कुणी नाराज नको म्हणून. तिसऱ्या घरी प्लंबरने ड्रिल मारलं ते सरळ आतल्या पाइपमध्ये. सिडकोची जुनी घरं, नंतर कुणी कुठून लाइन फिरवलीय त्याचा नकाशा नाही. खालच्या घरात सीलिंगमधून पाणी, त्यांची फॉल-सीलिंग, आणि मी हातात मोबाइल घेऊन जिन्यात. २,३०० रुपये दुरुस्ती. आता आधी घरातल्यांना विचारतो, नळाच्या वर सरळ रेषेत भोक मारत नाही, आणि मुख्य कॉक बंद करूनच ड्रिल.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून कॉक्रेनचा २०२३ चा आढावा काढला, घरातले धोके कमी करण्यावरचा. एकूण २६ टक्के फायदा, पण जे आधी पडलेत किंवा ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्यात ३८ टक्के, आणि सरसकट सगळ्यांना केलं तर फरक दिसत नाही. म्हणजे मी बिल्डिंगच्या क्रमाने बार लावत होते तेच चूक होतं. ज्या तीन घरी लावले त्यातल्या दोघी कधी पडल्याच नव्हत्या. राहिलेले सहा बार अकरा जणांच्या यादीतून, फिजिओसोबत घर बघून. आणि बार सोडून बाकीचं फुकटात झालं: घसरतं पायपुसणं काढणं, रात्रीचा छोटा दिवा, माळ्यावरचा डबा खाली, आंघोळीला प्लास्टिकच्या स्टुलाऐवजी रुंद पायाचा स्टूल. मोरीचा उंबरठा तोडता येत नव्हता तिथे काठाला पिवळा ऑइलपेंट.

८ सप्टेंबर, रविवार

गणपती बसले, वर्ग बंद. गौरी जेवून गेल्या की पुन्हा सुरू म्हणाले सगळे. बघू.

१३ ऑक्टोबर, रविवार

गणपती, पितृपक्ष, नवरात्र. २४ चे १७ राहिलेत. दोन जण मुलाकडे पुण्याला, एकांचा गुडघा, एक आजी देवाघरी गेल्या (हृदयविकार), तिघं नुसतेच यायचे थांबले. त्या तिघांना फोन केला तर एकीने खरं सांगितलं, हॉलमध्ये आठ वाजता भजनाच्या बायका दारात येऊन उभ्या राहतात आणि आमचं बघून हसतात. वर्ग साडेसहाला घेतला. दोघी परत आल्या पण सहाला उठायला लागतं म्हणून एक काका गेले, म्हणजे १८.

आणि आज मीटिंगमध्ये जे व्हायचं ते झालं. लाल फुल्या: ऑगस्टला दोन, सप्टेंबरला चार, ऑक्टोबर अर्धा झाला नाही तर तीन. एक सदस्य म्हणाले, "तुमच्या व्यायामाने लोक जास्त पडायला लागले."

मला राग आला, पण त्यातली एक फुली खरंच माझी होती. घरी करायच्या व्यायामाच्या झेरॉक्सवर मी 'आधार धरून' एवढंच लिहिलं होतं, कशाचा ते नाही. एका काकूंनी आधाराला प्लास्टिकचा स्टूल धरला, स्टुलासकट आडव्या. नशिबाने नुसता मुका मार. मूळ न्यूझीलंडच्या पुस्तिकेत न हलणाऱ्या टेबलाचा किंवा ओट्याचा आधार आहे, मी भाषांतर करताना आळस केला. आता मोठ्या अक्षरात 'स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून, गॅस बंद असताना'.

बाकीच्या फुल्या मात्र वाढल्या त्या लोक सांगायला लागले म्हणून. ऑगस्टमध्ये एका आजींनी फुली केली आणि मी त्यांच्या सुनेला काही बोलले नाही, हे चार घरी कळलं, मग बाकीच्यांनी पण लिहायला घेतलं. आणि दुसरं, अठरा माणसांत चार महिन्यांत पडणं कमी झालं का वाढलं हे कळणारच नाही, एक जण दोनदा पडला की टक्केवारी उडते. २३ टक्के हा आकडा निघालाय १३ हजारांच्या आसपास लोकांवरून, तो आपण केंद्राच्या हॉलमध्ये परत सिद्ध करायला बसलेलो नाही. आपण बघायचं ते एवढंच की जो उपाय तिथे चालला तो आपण तितका आणि तसाच देतोय का. म्हणून यापुढे मीटिंगमध्ये मी पहिला आकडा तासांचा सांगणार. आजचा आकडा: आठवड्याला सरासरी १ तास ४० मिनिटं. तीनच्या जवळपास पण नाही. यावर ते सदस्य पण गप्प झाले, कारण त्यांचेच तास सगळ्यात कमी होते.

१० नोव्हेंबर, रविवार

झोपेच्या गोळ्या. हा विषय मी टाळत होते. अकरांपैकी चौघं रात्री गोळी घेऊन झोपतात, आणि दोघं पहाटे बाथरूमला जातानाच पडलेत. न्यूझीलंडमध्येच ९३ लोकांवर एक ट्रायल झालाय, अशा गोळ्या हळूहळू कमी करून बघितल्या, पडणं ६६ टक्क्यांनी कमी झालं. हा आकडा कुठल्याही व्यायामापेक्षा मोठा. पण त्याच ट्रायलमध्ये गोळी सुटलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी महिनाभरात परत सुरू केली. आणि अचानक बंद करणं धोक्याचं, ते डॉक्टरचंच काम.

आम्ही एवढंच केलं की प्रत्येकाच्या सगळ्या गोळ्यांची एका कागदावर यादी, वर 'मी दोन वेळा पडले आहे' हे ठळक, आणि पुढच्या भेटीत हा कागद डॉक्टरांसमोर ठेवायचा. एका डॉक्टरांनी कागद न बघता बाजूला सारला. दुसऱ्यांनी डोस हळूहळू उतरवायला घेतलाय. चौघांत एक, पण ठीक आहे.

२२ डिसेंबर, रविवार

परत मोजणी, त्याच लाकडी खुर्च्या, तीच भिंत. १८ पैकी १२ जणांचे आकडे वाढले, चौघांचे तेवढेच, दोघांचे कमी. आई ६ वरून ९. अजून त्यांच्या वयाला १० पाहिजेत, ते त्यांना पाठ आहे, रोज रात्री जाहिराती लागल्या की उठाबशा चालू. सरासरी तास २ तास २५ मिनिटांवर आलेत, निवडणुकीच्या आठवड्यात हॉल मिळाला नाही तो धरून.

हिशेब: व्याख्यान ४,२००, फिजिओ १६ फेऱ्या ९,६००, वजनाच्या पिशव्या १,२००, सक्शन हँडल २,७००, नऊ बारचे निम्मे पैसे ४,१८५ (निम्मे घरच्यांचे), पाइप २,३००, झेरॉक्स ६४०. एकूण २४,८२५. शिल्लक १७५. यातले ९,२०० निव्वळ चुकांचे: व्याख्यान, हँडल, पाइप.

दुसरी तुकडी जानेवारीत, संक्रांत झाली की. या वेळी आधी पडलेल्यांची यादी, मग बाकी सगळं. भजनाच्या बायकांपैकी पाच जणींनी नाव दिलंय.

अभ्यासिकेच्या दहा खुर्च्या परत मागितल्यात, मोजल्या तर आठच भरतायत. उद्या शोधायच्या.